तीन अर्शिन जमीन

टेकडीच्या माथ्यावर कोल्ह्याच्या कातड्याची एक टोपी ठेवली आहे. टोपीत हजार रूबल आहेत. सूर्य वर येताच पाखोम नावाचा शेतकरी खांद्यावर खोरं टाकून तिथून चालू लागतो. दिवसभरात तो जेवढ्या जमिनीला फेरी घालील, तेवढी त्याची. अट एकच. सूर्य मावळायच्या आत टोपीपाशी परत यायचं. नाही तर पैसे गेले आणि जमीनही गेली.

लिओ टॉलस्टॉयची ‘माणसाला किती जमीन लागते?’ ही कथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. जेम्स जॉइससारख्या लेखकाने आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात या कथेला जगातली सर्वश्रेष्ठ कथा म्हटलं. शेवट ठाऊक असल्यामुळे ‘लोभ वाईट’ एवढं तात्पर्य काढून आपण ती मिटून ठेवतो. पण पुन्हा वाचायला घेतली की जाणवतं, तिचं मर्म वाटेतल्या मुक्कामांत आहे. पाखोम दुष्ट नाही, आळशी नाही, लबाडही नाही. तो कष्टाळू आहे, हिशेबी आहे आणि त्याचं प्रत्येक पाऊल आपल्याला पटतं. कथेतली भीती तिथेच आहे.

भट्टीमागचा सैतान

शहरातल्या व्यापाऱ्याला दिलेली थोरली बहीण गावात धाकटीकडे येते आणि शहर बरं की गाव बरं यावरून दोघींची जुंपते. रशियन घरातली भट्टी म्हणजे भिंतीला लागून बांधलेली अवाढव्य चूल. थंडीत तिच्यावरच निजायचं. तिथे पडल्यापडल्या धाकटीचा नवरा पाखोम ऐकत असतो. आम्हा कुणब्यांना काळ्या आईच्या सेवेत वाईट विचार करायला वेळच कुठे मिळतो, त्याच्या मनात येतं. दुःख एकच, जमीन कमी. ती पुरेशी असती तर मी सैतानालाही भ्यालो नसतो. भट्टीच्या मागे बसलेला सैतान हे ऐकतो आणि ठरवतो, याला जमीनच द्यायची.

पाखोमची तक्रार खोटी नव्हती. १८६१ साली रशियात भूदासांची मुक्तता झाली, पण मिळालेल्या जमिनीची किंमत त्यांनी ४९ वर्षं हप्त्याहप्त्याने फेडायची होती. वाट्याला आलेली जमीन बहुतेकांना अपुरी पडे. शेजारी जमीनदाराचा विस्तार, आपली गुरं चुकून तिकडे गेली की दंड. पाखोमही असा दंड भरून वैतागलेला असतो. म्हणून जमीनदारीण जमीन विकायला काढते, तेव्हा तो शिंगरू विकतो, निम्म्या मधमाश्या विकतो, पोराला मजुरीला लावून आगाऊ पैसे उचलतो, मेव्हण्याकडून उसने घेतो आणि जमीन करतो. स्वतःच्या रानात तो पहिल्यांदा नांगर धरतो, तेव्हा आपल्यालाही भरून येतं.

मग शेजाऱ्यांची गुरं त्याच्या पिकात शिरतात. आधी तो समजावतो, मग सोडून देतो आणि अखेर कोर्टाची पायरी चढतो. काल ज्या दंडाने तो पोळला होता, तोच आज तो दुसऱ्यांवर बसवतो. रान वाढलं आणि गावात मन लागेना. बांधावरून भावाभावांत बोलणं तुटलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही पानं रशियातली वाटणार नाहीत.

पुढे व्होल्गापलीकडे जास्त जमीन मिळते म्हणून तो घरदार हलवतो. तिथे सुबत्ता येते, तरी खंडाने घेतलेल्या रानाची कटकट नको, सगळं एकत्र आणि मालकीचं हवं, असं वाटू लागतं. तेवढ्यात एक वाटसरू व्यापारी सांगतो, बाश्किर लोकांच्या मुलखात हजार रूबलात हजारो एकर मिळतात. दर मुक्कामाला पाखोम ‘थोडी’च जास्त मागतो आणि तिचं कारण त्याच्या खिशात तयार असतं.

एक दिवस

बाश्किर तंबूत राहणारे, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस पिणारे मोकळे लोक. त्यांचा भाव ठरलेला आहे: दिवसाला हजार रूबल. पाखोम चालतो. ठरावीक अंतरावर खड्डा खणतो, गवताची ढेकळं रचून खूण करतो. ऊन चढतं तसा अंगरखा काढतो, बूट काढतो. पहिली बाजू लांब होते, दुसरीही लांब होते. वळायची वेळ झालेली असते, तोच समोर एक ओलसर खोलगट रान दिसतं. जवस इथे छान येईल! ते सोडवत नाही. तो त्यालाही वळसा घालतो.

मग मागे बघतो, तर टेकडी दूर गेलेली, तिच्यावरची माणसं जेमतेम दिसणारी. तो तिसरी बाजू आखडती घेतो आणि नाकासमोर टेकडीकडे निघतो. पाय कापलेले, छाती भात्यासारखी हलते. हातातले बूट, पाण्याचं भांडं, सगळं फेकतो. खोरं तेवढं राहतं. टेकडीच्या पायथ्याशी पोचतो तर सूर्य बुडालेला. हरलो असं वाटून थांबणार, इतक्यात वरून बाश्किरांच्या हाका येतात. माथ्यावरून सूर्य अजून दिसत असणार! शेवटचा दम लावून तो वर चढतो, हात टोपीला लागतात आणि तो कोसळतो. पुष्कळ जमीन मिळवलीस, म्हणून म्होरक्या शाबासकी देतो. पाखोमचा गडी धावतो, पण मालकाच्या तोंडातून रक्त आलेलं असतं. त्याच खोऱ्याने गडी खड्डा खणतो. तीन अर्शिन. अर्शिन म्हणजे साधारण ७१ सेंटिमीटर; तीन अर्शिन म्हणजे आपल्या बोलीतली ‘साडेतीन हात’ जमीन.

हा पाखोम कोण?

ज्या माळावर पाखोम धावला, तो टॉलस्टॉयने पायांखाली घातलेला होता. प्रकृतीसाठी कुमिस प्यायला तो १८६२ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये समारा प्रांतात बाश्किरांकडे राहिला. तिथे तो मूळ ग्रीकमधून हिरोडोटस वाचत होता. घोड्यावरून दिवसभरात जेवढी फेरी होईल तेवढी जमीन द्यायची, ही प्राचीन सिथियन लोकांची चाल त्याच ग्रंथात आहे. कथेचं बीज तिथलं असावं, असं मानतात.

आणि तिथेच टॉलस्टॉयने जमीन घेतली. १८७१ मध्ये २५०० देस्यातीन, म्हणजे पावणेसात हजार एकरांच्या आसपास, २० हजार रूबलांना. १८७८ मध्ये आणखी चार हजार देस्यातीन. वडिलोपार्जित यास्नाया पोल्याना होतीच. तरुणपणी जुगारापायी कर्जात बुडालेला आणि १८५४ मध्ये जन्मघराची मुख्य इमारत उचलून नेण्यासाठी विकणारा हा उमराव आता जमीन जोडत होता. ‘युद्ध आणि शांती’, ‘अ‍ॅना कॅरेनिना’ लिहून झालेल्या माणसाला कशाची कमी होती?

पन्नाशीच्या उंबरठ्यावर हाच प्रश्न त्याला खाऊ लागला. ‘कबुलीजबाब’मध्ये तो लिहितो त्याचा आशय असा: समारात सहा हजार देस्यातीन होतील, तीनशे घोडे होतील, पण मग पुढे काय? या प्रश्नाला उत्तर सापडेना म्हणून तो आत्महत्येच्या विचारापर्यंत गेला. त्यानंतर काही वर्षांनी पाखोमची कथा आली. ती ‘पोस्रेद्निक’ या प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तिकांतूनही निघाली, गावोगावच्या शेतकऱ्यांच्या हातात पडावी म्हणून. पण शेतकऱ्याला उपदेश करण्याआधी लेखकाने स्वतःची झडती घेतली होती. म्हणून ती बोचते.

सोडणं

कथा लिहिणं सोपं, सोडणं अवघड. १८९१ मध्ये त्याने १८८१ नंतरच्या लेखनावरचा हक्क सोडला, १८९२ मध्ये मालमत्ता बायकोमुलांत वाटून दिली. पण राहिला त्याच वाड्यात, आणि ही विसंगती त्याला टोचत राहिली. त्याची बायको सोफिया अँड्रेयेव्ना हिची बाजूही ऐकली पाहिजे. तेरा बाळंतपणं तिने काढली, ‘युद्ध आणि शांती’च्या नकला तिने हाताने उतरवल्या, घराचा खर्च तिनेच सांभाळला. नवऱ्याच्या त्यागाचा भार तिच्या खांद्यावर येत होता. सोडतानाही आपण कुणाच्या पायावर पाय देतो, हा धडा कथेत नाही. तो लेखकाच्या घरात आहे.

१९१० च्या नोव्हेंबरात, ८२ व्या वर्षी, तो पहाटेच्या अंधारात डॉक्टरला घेऊन घराबाहेर पडला. वाटेत न्यूमोनिया झाला. अस्तापोवो स्थानकावर, स्टेशनमास्तरच्या घरात, २० नोव्हेंबरला त्याने प्राण सोडला. यास्नाया पोल्यानाच्या रानात एका घळीच्या काठी त्याला पुरलं. लहानपणी थोरला भाऊ निकोलाय सांगायचा, इथे एक हिरवी काठी पुरली आहे. सगळी माणसं सुखी कशी होतील याचं गुपित तिच्यावर लिहिलं आहे. त्याच जागी हा गवताचा उंचवटा. ना क्रूस, ना दगड, ना नाव. पुढे मुलगी अलेक्झांड्राने त्याच्या मरणोत्तर पुस्तकांच्या पैशांतून इस्टेटीची जमीन घेऊन शेतकऱ्यांना वाटली.

दुसरी चाल

या कथेला एक तोलामोलाचं उत्तरही मिळालं. १८९८ च्या ‘गूजबेरी’ या कथेत चेखवचं पात्र म्हणतं त्याचा भाव असा, की तीन अर्शिन प्रेताला लागतात; माणसाला तर सारी पृथ्वी हवी, जिथे त्याचा आत्मा मोकळा होईल. विरोध वाटतो, पण दोघांचं बोट एकाच ठिकाणी आहे. कुंपण घालून बसलेलं सुख दोघांनाही मान्य नाही.

दुसरं उत्तर आपल्या मातीतलं. टॉलस्टॉयचा गांधीजींवरचा प्रभाव जगजाहीर आहे. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ त्यांचे मित्र कॅलनबाख यांच्या ११०० एकरांवर आश्रम उभा राहिला, त्याला कॅलनबाख यांनी टॉलस्टॉय फार्म हेच नाव दिलं. त्याच गांधीजींचे शिष्य, कोकणातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा, १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन मागू लागले. गावातल्या रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली आणि भूदान सुरू झालं. मिळालेल्या जमिनीतली बरीच नापीक निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हे खरं. तरी ती चाल आठवावी. पाखोम स्वतःसाठी एक दिवस चालला. विनोबा दुसऱ्यांसाठी तेरा वर्षांहून अधिक चालले.

पाखोमला चालणं नडलं नाही. नडली ती न वळणं. जवसाचं ते ओलं रान दिसलं तेव्हा सूर्य वर होता, पायांत बळ होतं, आणि तोवर आखलेली जमीन त्याच्या नातवंडांनाही पुरली असती. प्रत्येकाच्या दुपारी असं एक रान समोर येतं. त्या क्षणी मान वळवून टेकडीकडे एकदा बघावं, एवढंच ही कथा मागते.