पडद्यावरचा केशरी आणि कागदावरचा केशरी

गेल्या अंकाच्या मुखपृष्ठावरील गुढीचा केशरी रंग विटका का, असे अनेक पालकांनी विचारले. मूळ चित्रात तो चांगला गर्द होता. छापखान्याला बोल लावता येणार नाही; चूक आमचीच झाली.

संगणक कक्षात आलेला नवा मॉनिटर 'वाइड गॅमट' प्रकारचा आहे. नेहमीच्या पडद्यापेक्षा तो अधिक गर्द लाल व हिरवा दाखवू शकतो. आपली बहुतेक चित्रे मात्र १९९६ साली मांडलेल्या 'एसआरजीबी' मापात साठवलेली असतात. त्यातले आकडे जसेच्या तसे घेतले, की हा पडदा सारेच भडक करतो. केशरी डोळ्यांना खुपला, आम्ही तो उतरवला, आणि कागदावर तो उतरलेलाच आला.

यावर उपाय कलरीमीटरचा. हे लहानसे यंत्र पडद्याला टेकवून ठेवायचे. संगणक एकेका रंगाचा चौकोन दाखवतो, यंत्र तो मोजते, आणि त्या मोजमापांवरून पडद्याची 'प्रोफाइल' नावाची फाइल तयार होते. आधी पडदा अर्धा तास चालू ठेवावा. पांढरा ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड दर चौरस मीटरला सुमारे १२० कँडेला, एवढे ठरवून घेतले.

तरी पहिल्या मोजणीनंतर पांढरा गुलाबीसरच! कारण यंत्राच्या आत आहे. त्यातील रंगीत फिल्टर १९३१ साली ठरलेल्या प्रमाण मानवी दृष्टीची नक्कल करतात, पण ती हुबेहूब नसते. साध्या पडद्यासाठी ही तूट आकडेमोडीने भरून काढलेली असते. वाइड गॅमट पडद्यामागच्या दिव्यांचा प्रकाश निराळ्या घडणीचा असल्यामुळे तीच आकडेमोड तिथे चुकते. म्हणून 'डिस्प्लेकॅल'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या पडद्याच्या प्रकारची दुरुस्ती-फाइल निवडावी लागते. आम्ही ती निवडायला विसरलो होतो. ती निवडून पुन्हा मोजल्यावर पांढरा जागेवर आला. (प्रकाशाचे पट्टे वेगळे करून मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर अशा वेळी फसत नाही, पण त्याची किंमत पाहून आम्ही विषय बदलला.)

विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे : प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चित्र उघडले, तर ते पुन्हा भडकच दिसेल.

या अंकाचे मुखपृष्ठ मोजलेल्या पडद्यावर केले आहे. मूळ चित्र वाचनालयाच्या दाराशी लावले आहे. पालकांनी अंक हातात घेऊन दिवसाच्या उजेडात दोन्ही ताडून पाहावीत व फरक वाटल्यास आम्हाला कळवावे.