तात्या विंचूची पोरं चाळिशीत

१९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला आणि त्या वर्षी जी मुलं सहा-आठ वर्षांची होती, त्यांची बाहुल्यांशी असलेली दोस्ती तुटली. शोकेसमधली बाहुली रात्री आपल्याकडे बघते, या समजुतीने तिला भिंतीकडे तोंड करून बसवणारी ती पिढी आज चाळिशीत आहे. गृहकर्ज, मुलांच्या फिया आणि आईवडिलांची औषधं यांत बुडालेल्या या माणसांपुढे त्यातल्या झपाटलेल्या बाहुल्याचं, तात्या विंचूचं नाव काढून बघावं. पहिला सिनेमा कुठे पाहिला, शेजारी कोण बसलं होतं, कुठल्या प्रसंगाला डोळे मिटले, सगळं भडाभडा बाहेर येतं.

सिनेमा पाहायच्या जागाही तेव्हा वेगळ्या होत्या. थिएटर तालुक्याला, गावात जत्रेच्या वेळी तंबूतला टुरिंग टॉकीज. गणपतीत गल्लीने वर्गणी काढून भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही. गोणपाट अंथरून बसलेली पोरं तिसऱ्या सिनेमाला पेंगायची, पण मध्येच उठून घरी जायची छाती कुणाची नव्हती. वाटेत अंधार होता. पुढे हेच सिनेमे टीव्हीवर इतक्यांदा लागले की संवाद पाठ झाले.

कथेची मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या हॉलिवूडपटाची. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो आणि पुन्हा माणसाचा देह मिळवायला धडपडतो. पण मूळ सिनेमात तो बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. कोठाऱ्यांनी त्या मुलाच्या जागी लक्ष्या आणला, म्हणजे अडतीस वर्षांचे लक्ष्मीकांत बेर्डे! हा बदल फार मोलाचा ठरला. लक्ष्या जिवाच्या आकांताने सांगतो की बाहुला जिवंत आहे, आणि आजूबाजूचं कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. खरं सांगूनही मोठी माणसं ऐकत नाहीत, हा अनुभव लहान मुलांच्या रोजच्या ओळखीचा असतो. म्हणून लक्ष्या त्यांना मोठा माणूस वाटलाच नाही. तो त्यांच्यातला होता.

आणि बाहुला खरा होता. संगणकाची करामत नव्हती. डोळे फिरवणारा, जबडा उघडणारा तो बोलका बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला होता. हे पाध्ये म्हणजे ‘अर्धवटराव’ला जन्म देणाऱ्या य. के. पाध्ये यांचे चिरंजीव. लिज्जत पापडाच्या जाहिरातीत खदाखदा हसणारा ससाही त्यांचाच. ज्या हातांनी पोरांना जेवणाच्या ताटापुढे हसवलं, त्याच हातांनी रात्रीची झोप उडवली. तात्या विंचू झाले होते दिलीप प्रभावळकर. ‘बोक्या सातबंडे’ लिहिणारा, पुढे ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी होणारा हा सौम्य माणूस आपल्याला इतका घाबरवून गेला, हे अनेकांना मोठं झाल्यावरच कळलं.

कोठाऱ्यांना मुलांची नस कशी सापडली, याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या बालपणात असावं. १९६३ च्या ‘छोटा जवान’मध्ये आणि १९६८ च्या ‘राजा और रंक’मध्ये ते बालकलाकार होते. म्हणजे शाळकरी वयातच ते पडद्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन आले होते. त्यांच्याआधीच्या पिढीची सिनेमाची पहिली आठवण बहुधा ‘श्यामची आई’ची. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या त्या चित्रपटाने पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं आणि शाळाशाळांतून मुलं तो पाहून रडली. कोठाऱ्यांच्या सिनेमाने मुलांना संस्कार देण्याचा आव आणला नाही. ‘थरथराट’ असो की ‘धडाकेबाज’, मुलांना घाबरायला आणि हसायला आवडतं, एवढ्यावर त्यांनी भरवसा ठेवला.

भीतीची आठवण घट्ट राहते, हे स्मृतीचा अभ्यास करणारेही सांगतात. भावना तीव्र असेल तर मेंदू तो प्रसंग अधिक पक्का नोंदवतो. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मात्र मोठेपणी जवळजवळ काहीच आठवत नाही. त्यामुळे आयुष्यातल्या अगदी सुरुवातीच्या ठळक आठवणींत एखादा सिनेमा असणं यात नवल नाही.

तोच सिनेमा आता पाहताना मात्र नजर दुसरीकडे जाते. बाहुल्याचं भय उरत नाही; लक्ष्याची भोळी आई झालेल्या मधू कांबीकरांकडे लक्ष जातं. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी. त्यांच्या विनोदाला हसता हसता आपणही त्या वयाच्या जवळ आलो, हा हिशेब मनात होतोच. ‘झपाटलेला’ आला तेव्हा खुद्द कोठारे चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. तेव्हाचे प्रेक्षक आज तिथे उभे आहेत. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला, नायक झाला तो ‘माझा छकुला’तला छकुला, म्हणजे आदिनाथ कोठारे. त्या वेळी जुन्या प्रेक्षकांपैकी काही जण आपल्या पोरांचं बोट धरून थिएटरात गेले होते.

पहिल्या ‘झपाटलेला’नंतरच्या काळात मराठीत मुलांवरचे उत्तम चित्रपट आले. ‘टिंग्या’, ‘शाळा’, ‘किल्ला’, ‘एलिझाबेथ एकादशी’, ‘नाळ’. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण यांतले बरेचसे बालपणाकडे वळून पाहणारे, मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारे आहेत. आठ वर्षांच्या पोराने मित्रांना घेऊन धावत जावं, शिट्ट्या माराव्यात, रात्री आईला बिलगून झोपावं, असा मराठी सिनेमा आज क्वचितच बनतो. आजच्या मुलांपर्यंत तात्या विंचू पोचतो तो बहुतेक मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत, मोठ्यांच्या हशासकट. निर्मात्यांनी नवा धीट बालचित्रपट काढेपर्यंत पालकांनी एवढं तरी करावं: दिवे मालवून, मोबाइल बाजूला ठेवून, पोरांना अख्खा ‘झपाटलेला’ दाखवावा. आणि ती घाबरली तर त्यांना हसू नये.