नोंदीबाहेरच्या कमाईची मोजदाद

भारताच्या एकूण मूल्यवर्धनात २०११-१२ साली सुमारे ४५ टक्के वाटा कुटुंबक्षेत्राचा होता. शेती, किराणा दुकान, दोन-चार मागांचा कारखाना, रिक्षा, घरगुती शिवणकाम, इतकेच काय, स्वतःच्या मालकीच्या घराचे मानीव भाडेही या क्षेत्रात धरले जाते. यातल्या बहुतेकांकडे ताळेबंद नाही आणि धंद्याचा गल्ला व घरखर्चाचा डबा वेगळा नाही. तरीही त्यांचे उत्पन्न दरवर्षी राष्ट्रीय लेख्यांत येते. ते कसे येते आणि कितपत भरवशाचे असते, हा भारतीय सांख्यिकीचा सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अनौपचारिक म्हणजे काळा पैसा, हे समीकरण चर्चेच्या व्यासपीठांवर ठाण मांडून बसले आहे. ओईसीडी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या सहभागाने २००२ साली निघालेल्या पुस्तिकेने नजरेआड राहणाऱ्या अर्थव्यवहारांचे पाच भाग केले: लपवलेले, बेकायदा, अनौपचारिक, कुटुंबाने स्वतःच्या वापरासाठी केलेले उत्पादन, आणि निव्वळ आकडे गोळा करण्यातल्या त्रुटींमुळे निसटलेले. पावती न देणारा डॉक्टर किंवा फ्लॅटची निम्मी किंमत रोखीत घेणारा बिल्डर पहिल्या भागात येतो. सोलापुरात घरी बसून विड्या वळणारी बाई काहीही लपवत नसते. तिच्यापर्यंत कोणी विचारायला गेलेले नसते, एवढेच.

लपवलेल्या उत्पन्नाचे अंदाज थोडक्यात आटोपता येतात. निकोलस काल्डोर यांनी १९५६ साली करचुकवेगिरीचा अंदाज केला, १९७१ साली वांच्छू समितीने केला, तर राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेच्या १९८५ च्या अभ्यासाने १९८३-८४ साठी काळ्या उत्पन्नाचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या १८ ते २१ टक्के ठरवले. त्याच सुमारास चलनाच्या मागणीवरून गणित मांडणाऱ्यांनी १९७८-७९ साठी जवळपास ४८ टक्क्यांचा आकडा काढला होता. एवढी तफावत पडली, कारण दुसऱ्या पद्धतीत चलन किती फिरते याच्या एका गृहीतकावर सगळी इमारत उभी असते. गृहीतक थोडे हलवले की हवे ते उत्तर मिळते. विजेचा वापर आणि उपग्रहातून दिसणारे रात्रीचे दिवे यांवरून अनौपचारिक उत्पन्न काढण्याची आजची फॅशन याच कुळातली आहे. असले आकडे शंका घ्यायला उपयोगी पडतात, पण लेख्यांत घालायला नव्हेत.

लेख्यांत जाणाऱ्या उत्पन्नाच्या मोजणीची वाट वेगळी आहे. दादाभाई नवरोजींनी १८६७-६८ साठी दरडोई २० रुपये उत्पन्नाचा अंदाज केला, त्यात मुख्यतः वस्तूंचे उत्पादन होते. खरा टप्पा व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या १९३१-३२ च्या अंदाजाचा, दरडोई ६२ रुपयांचा. शेती आणि खाणींसारख्या ठिकाणी उत्पादन मोजायचे, आणि जिथे उत्पादनाचा आकडाच नाही तिथे काम करणारी माणसे मोजून त्यांना सरासरी कमाईने गुणायचे, असे दोन मार्ग त्यांनी एकत्र आणले. १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस अध्यक्ष, तर राव आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. समितीने हाच दुहेरी मार्ग स्वीकारला आणि त्यातली सर्वांत मोठी उणीवही नेमकी ओळखली. छोट्या धंद्यांची माहिती कोठेच नव्हती. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे मूळ या उणिवेत आहे.

असंघटित म्हणजे न मोजलेले, असेही नाही. भारतातली शेती जवळपास सगळी असंघटित, तरी तिचे मोजमाप पुष्कळ कारखानदारीपेक्षा बरे झाले. याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांना जाते. आणेवारीच्या नजरअंदाजाऐवजी यादृच्छिक रीतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा कापून पीक तोलायचे, ही पीक-कापणी प्रयोगांची पद्धत पांडुरंग सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी १९४० च्या दशकात देशभर रुजवली. तुकडा लहान असावा की मोठा यावरून सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात जोरदार वाद झाला. लहान तुकड्यात कडेची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हा सुखात्म्यांचा मुद्दा होता. आज असा वाद कोणी घालत नाही, कारण मापनाच्या चुकीवर भांडण्याइतकी आस्था थोड्यांनाच उरली आहे.

शहरांच्या बाबतीत गाडगीळांनी वेगळी वाट दाखवली. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० च्या दशकात पुण्याच्या कुटुंबांची पाहणी केली. तिचा पहिला खंड १९४५ साली व दुसरा १९५२ साली निघाला. कुटुंबात कोण काय काम करतो आणि किती मिळवतो, हे घरात जाऊन विचारायचे, हा तिचा पाया. कारखान्यांची यादी हाती घेऊन निघणाऱ्याला घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला, भांड्यांना कल्हई करणारा असे लोक भेटतच नाहीत. घरातून सुरुवात करणाऱ्याला ते सगळे भेटतात. पुढे जगभर मान्यता पावलेल्या श्रम-आदान पद्धतीचे बीज या दृष्टीत आहे.

या पद्धतीची रीत अशी. कुटुंबांच्या पाहणीतून दर उद्योगात किती लोक कामावर आहेत हे काढायचे. त्यातून कंपन्या, सरकार आणि नोंदणीकृत कारखान्यांतल्या नोकऱ्या वजा करायच्या. उरलेली कामे असंघटित क्षेत्राची. मग छोट्या उद्योगांच्या पाहणीतून प्रतिकामगार मूल्यवर्धन काढून त्याने या कामांना गुणायचे. येथे माणसे नव्हे तर कामे मोजायची असतात. सकाळी शेतात आणि दुपारनंतर विड्या वळण्यात असलेली बाई दोन ठिकाणी धरावी लागते. इटलीच्या सांख्यिकी संस्थेने १९८७ साली याच वाटेने जाऊन राष्ट्रीय उत्पन्न इतके वर नेले, की इटलीने ब्रिटनला मागे टाकल्याचा गाजावाजा झाला. कर खात्याला न सांगितलेले कामही माणूस घरी आलेल्या पाहणीदाराला सांगतो, हे या पद्धतीचे सामर्थ्य आहे.

पण गुणाकाराच्या दोन्ही बाजू पक्क्या असाव्या लागतात. पहिली बाजू किती डळमळू शकते, हे जनगणनेने दाखवून दिले. १९६१ साली हंगामात रोज तासभर काम करणारीही कामगार धरली गेली, तर १९७१ साली मुख्य काम कोणते, यावरूनच कामगार ठरवले गेले. कामगार स्त्रियांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. बायकांनी काम सोडले नव्हते, प्रश्न बदलला होता. राष्ट्रीय लेख्यांनी १९९३-९४ च्या मालिकेपासून जनगणनेऐवजी नमुना पाहणीचे रोजगाराचे आकडे घेतले, ते म्हणूनच योग्य होते. पाहणीचा प्रशिक्षित अन्वेषक दुय्यम कामही खोदून विचारतो.

दुसरी बाजू म्हणजे उद्योगांची पाहणी, आणि ती अन्वेषकाच्या कौशल्यावर उभी असते. इचलकरंजीचा खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणतो. त्याच्या उत्पादनात कापडाची किंमत धरली तर एकाच कापडाचा हिशेब दोनदा होतो. धरायची ती फक्त मजुरी, आणि तिच्यातून वीज आणि सुटे भाग वजा करायचे. विडी कामगार बाईचेही तसेच. पाने आणि तंबाखू कारखानदाराची, तिच्या वाट्याला हजारामागची मजुरी. दुकानदाराची अडचण निराळी असते. गेल्या महिन्यात किती माल आला, किती उधारीवर गेला आणि किती घरी खाल्ला, हे त्याला सांगता येत नाही. मग रोजचा गल्ला, आठवड्याचा बाजार आणि सणाची विक्री असे तुकडे विचारून महिना बांधावा लागतो. हे विचारणे पुस्तकातून शिकता येत नाही. ते मुरलेल्या अन्वेषकाकडून नवख्याकडे जाते.

१९७७ ची पहिली आर्थिक गणना, १९७८-७९ ची असंघटित उत्पादन उद्योगांची पाहणी आणि १९९९-२००० ची पहिली देशव्यापी अनौपचारिक बिगरशेती पाहणी हे या वाटेवरचे मुख्य टप्पे. १९९३ साली आंतरराष्ट्रीय श्रमसांख्यिकी परिषदेने उद्योगाच्या स्वरूपावरून अनौपचारिक क्षेत्राची व्याख्या केली. २००३ साली नोकरीच्या स्वरूपावरून अनौपचारिक रोजगार ठरवायची मार्गदर्शक तत्त्वे आली. अनौपचारिक क्षेत्राच्या सांख्यिकीसाठी भारताच्या अध्यक्षतेखाली १९९७ साली स्थापन झालेल्या दिल्ली गटाचा या चर्चेत मोठा वाटा होता. असंघटित उद्योगांसाठी नेमलेल्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने दोन्ही कसोट्या लावल्या. २००४-०५ साली सुमारे ४५.७ कोटी कामगारांपैकी ३९.५ कोटी अनौपचारिक क्षेत्रात होते, पण अनौपचारिक रोजगार ९२ टक्के होता. मधला फरक म्हणजे मुख्यतः संघटित क्षेत्रात काम करणारे, पण सामाजिक संरक्षण नसलेले कंत्राटी आणि इतर कामगार.

नोंद होणे ही बाब शेवटी कायद्याच्याही हातात असते. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची मंडळांकडे नोंदणी झाली आणि मजुरी मंडळामार्फत जाऊ लागली. एरवी बाजारपेठेत दिसेनासा झाला असता असा कष्टकरी कागदावर आला. नाक्यावरच्या बांधकाम मजुराच्या वाट्याला हे आले नाही. छोट्या उद्योगांच्या पाहणीतून बांधकाम वगळलेले असते, आणि त्याचे उत्पन्न सिमेंट, पोलाद, विटा किती खपल्या यावरून काढले जाते.

घरातल्या कामाची सीमा तर अजून वादाची आहे. आंतरराष्ट्रीय लेखापद्धती घरी पिकवलेले धान्य, आणलेले पाणी आणि गोळा केलेले सरपण उत्पादनात धरते, पण घरच्यांसाठीचा स्वयंपाक आणि आजाऱ्याची शुश्रूषा धरत नाही. ही सीमा ओलांडण्यासाठी वेळेचा हिशेब लागतो. १९९८-९९ साली सहा राज्यांत पहिली प्रायोगिक वेळ-वापर पाहणी झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. देशव्यापी पाहणीला २०१९ साल उजाडावे लागले. तिच्यानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आहेत. स्वतःच्या घराचे मानीव भाडे उत्पन्नात धरले जात असताना त्या घरातल्या पाच तासांच्या कामाची पूरक लेख्यांतही नियमित नोंद नसावी, याला तात्त्विक आधार नाही.

२०१५ साली आलेल्या २०११-१२ च्या मालिकेने श्रम-आदान पद्धतीत एक चांगली सुधारणा केली. मालक, पगारी कामगार आणि बिनपगारी मदतनीस यांना सारखे न धरता वेगवेगळा भार दिला गेला, त्यामुळे व्यापाराचा फुगलेला वाटा बराच खाली आला. त्याच मालिकेने कंपन्यांच्या ऑनलाइन विवरणपत्रांवर मोठी भिस्त ठेवली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७४व्या फेरीत सेवाक्षेत्रातल्या कंपन्यांची यादी घेऊन अन्वेषक पत्त्यांवर गेले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक कंपन्या सापडल्या नाहीत किंवा भलत्याच वर्गात निघाल्या. संगणकात आकडा आहे म्हणजे उद्योग आहे, असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

याहून मोठा दोष दोन पाहण्यांमधल्या वर्षांचा. या मालिकेत पायाभूत वर्षाचे अनौपचारिक उत्पन्न औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक, विक्रीकर किंवा वस्तू व सेवा कर अशा संघटित क्षेत्राकडे झुकलेल्या निर्देशकांनी पुढे सरकवले जाई. दोन्ही क्षेत्रे एकाच चालीने चालत असतील तोवर हे खपते. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा वस्तू व सेवा कर आणि २०२० ची टाळेबंदी या तिन्हींत छोट्यांचा धंदा बसला आणि त्यातला काही मोठ्यांकडे गेला. अशा वेळी मोठ्याच्या वाढीवरून छोट्याची वाढ काढणे म्हणजे तोट्याच्या जागी नफा लिहिणे. त्या काळाचे छोट्या उद्योगांच्या पाहणीचे वार्षिक आकडे नाहीत. २०१५-१६ च्या फेरीत ६.३४ कोटी बिगरशेती आस्थापना आणि ११.१३ कोटी कामगार होते. त्यानंतर थेट २०२१-२२ चे आकडे आले, तेव्हा आस्थापना ५.९७ कोटी आणि कामगार ९.७९ कोटी निघाले. या सहा वर्षांचे वार्षिक अंदाज अशी घसरण दाखवू शकले नाहीत, कारण ती दाखवणारे साधनच त्यांच्यापाशी नव्हते.

आता असंघटित उद्योगांची पाहणी दरवर्षी होते. २०२३-२४ मध्ये आस्थापना ७.३४ कोटी, कामगार १२.०६ कोटी आणि प्रतिकामगार मूल्यवर्धन १,४९,७४२ रुपये होते. २०२५ पासून तिमाही पाहणीही सुरू झाली. २०२२-२३ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत या वार्षिक पाहण्या आणि नियतकालिक श्रमबल पाहणी वापरण्याचे धोरण ठरले, ही उशिरा सुचलेली, पण अस्सल सुधारणा आहे. मात्र पाहणीचे प्रमाण लोकसंख्येला लावून कामगारसंख्या काढतात, आणि ती लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली आहे. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही. सातव्या आर्थिक गणनेचे निकाल बाहेर आले नाहीत. अन्वेषकांच्या कायम जागा आटत जाऊन काम कंत्राटी पोरांच्या हाती गेले, आणि हातातला टॅब्लेट हा अनुभवाचा पर्याय समजला जाऊ लागला.

अनौपचारिक अर्थव्यवस्था मोजण्याला आडवाट नाही. काम करणारे हात मोजायचे, प्रत्येक हातामागची कमाई विचारायची, आणि हे दरवर्षी, तेवढ्याच काळजीने करायचे. त्यासाठी वेळेवर जनगणना, निकाल आवडो वा न आवडो ते ठरल्या तारखेला प्रसिद्ध करण्याची शिस्त आणि पगारी, कायम, शिकवलेले अन्वेषक या तीन गोष्टींवर सरकारने खर्च करावा. बाकीच्या नव्या तंत्रांची पाळी त्यानंतर येते.