चंक्रमणाची मात्रा : तापीकाठ आणि सातपुड्याच्या वाटा

‘रोज थोडे चालत जा’ हा आपल्या चिकित्सालयातून सर्वाधिक दिला जाणारा आणि बहुधा सर्वांत कमी विचाराने दिला जाणारा सल्ला आहे. औषधाचे नाव, मात्रा, काल, अनुपान हे सारे आपण चिठ्ठीवर काळजीपूर्वक लिहितो. चालण्यापुढे मात्र काहीच लिहीत नाही. किती, केव्हा, कोठे, कोणाबरोबर आणि पायांत काय घालून, हे रुग्णाने आपल्या बुद्धीने ठरवावे अशी आपली अपेक्षा असते.

कोकणातील व्यवसायबंधू रुग्णास व त्याच्या कुटुंबीयांस समुद्रकिनाऱ्यावर फिरावयास धाडतात. खानदेशाच्या वाट्यास समुद्र नाही. आपली तापी समुद्रास मिळते ती थेट सुरतेजवळ. तथापि वरणगावच्या परिसरास हतनूरचा जलाशय लाभला आहे आणि उत्तरेस सातपुड्याची रांग उभी आहे. किनारा आणि वन ही दोन्ही क्षेत्रे एका दिवसाच्या आत-बाहेर गाठता येतात. त्यांचा उपयोग घरातील लहानथोरांसाठी कसा करावा, याविषयी आमचा अनुभव येथे मांडत आहोत.

प्रथम शास्त्राकडे पाहू. चालणे या एकाच क्रियेच्या तीन अवस्था संहितांत वेगवेगळ्या आहेत. देहास फार पीडा न देणारे ते चंक्रमण. सुश्रुताने ते आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे सांगितले आहे. अध्वा म्हणजे लांबची वाटचाल; ती कफ व स्थौल्य कमी करते, पण त्याबरोबर वर्ण आणि सौकुमार्यही नेते. व्यायाम तिसरा. तो अर्धशक्तीने करावा असे वाग्भट सांगतो आणि बाल, वृद्ध, अजीर्णी व वातपित्ताचे रुग्ण यांना तो वर्ज्य करतो. आता सहकुटुंब फिरावयास निघालेल्या मंडळींकडे पाहा. त्यांत सहा वर्षांचा नातू असतो, सत्तरीचे आजोबा असतात आणि आदल्या रात्री लग्नाचे जेवण जेवून आलेले काकाही असतात. म्हणजे वाग्भटाने वर्ज्य केलेले बहुतेक सर्वच जण! अशा मंडळींसाठी चंक्रमण हीच मर्यादा होय. तरण्या मुलाच्या चालीने सर्वांनी चालावयाचे ठरविले, की एकाचे चंक्रमण दुसऱ्याचा अध्वा होतो.

मात्रा ओळखण्याची खूण सुश्रुताने दिलेली आहेच. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे अर्धबलाचे लक्षण. कपाळ, नाक व काखेत घाम येणे ही त्याच्या जोडीची लक्षणे. धडधाकट माणसाने तेथे थांबावे. बालक व वृद्ध यांना त्याच्या बरेच अलीकडे थांबवावे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते की नाही, एवढे पाहिले तरी पुरते.

मात्रेबाबत आम्ही एवढे आग्रही का झालो, ते सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील साठीच्या एका प्रमेही रुग्णास आम्ही चालण्याचा सल्ला दिला. सुश्रुताच्या प्रमेहचिकित्सेत निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्र यांवाचून शंभर योजने चालावे असे विधान आहे. तेही आम्ही त्यांना उत्साहाने ऐकविले. चैत्रात ते मुलानातवंडांसह चांगदेवास तापी-पूर्णेच्या संगमावर गेले. भर दुपारी तापलेल्या दगडांवरून आणि पुढे वाळूतून अनवाणी हिंडले. त्यांना काहीच जाणवले नाही. सायंकाळी नातीने पाय पाहिले तेव्हा दोन्ही तळव्यांवर फोड आलेले होते. तो व्रण भरून येण्यास तीन महिने लागले. प्रमेहाच्या पूर्वरूपांतच दाह आणि सुप्तता सांगितलेली आहे. दाहाविषयी आम्ही विचारले होते, सुप्तता मात्र तपासली नव्हती. दोष सर्वस्वी आमचा होता. ग्रंथातील ते वचन ज्याचे तळवे जागे आहेत त्याच्यासाठी आहे, हे आम्हांस त्या रुग्णाच्या पायांनी शिकविले. दिनचर्येत पादत्राणधारण पायांस व दृष्टीस हितकर म्हटले आहे, त्याचा विसर पडू देऊ नये. आता प्रत्येक प्रमेही रुग्णाचे तळवे दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने तपासल्यावाचून आम्ही चालण्याचा सल्ला देत नाही.

हतनूरकडे जावयाचे तर हेमंत व शिशिर हाच काळ. जलाशयाच्या उथळ काठावर तेव्हा स्थलांतरित पक्षी उतरतात. पट्टकदंब दिसतात, चक्रवाक दिसतात. चरकाने वारिचर वर्गात नोंदविलेला चक्रवाक विद्यार्थीदशेत आम्ही केवळ पाठ केला होता, पाहिला तो येथे. मुलांना पक्षी दाखवावयाचे म्हणजे पावलोपावली थांबावे लागते आणि आजोबांना हवी असलेली विश्रांती आपोआप मिळते. जाणे-येणे मिळून पाऊण तासाहून अधिक नसावे. थंडीत पाण्याकाठचा वारा वातप्रकोपक असतो, म्हणून संधिवात व तमकश्वासाच्या रुग्णांनी ऊन वर आल्यावरच निघावे, कान व गुडघे झाकावेत आणि आदल्या रात्री पायांस तिळतेलाचा अभ्यंग करावा. पाण्यालगतच्या गाळात कोणासही उतरू देऊ नये. वरून तो वाळलेला दिसतो, आत पाय रुततो.

हिवाळ्यात आपल्याकडे शेतात भरीत पार्ट्यांची धूम असते. भरीत, कळण्याची भाकरी, वर तेलाची धार, आणि लगेच ‘चला, फिरून येऊ’. सुश्रुताने भोजनोत्तर प्रथम राजासारखे स्वस्थ बसावयास सांगितले आहे आणि मग शंभर पावले. तेव्हा फेरी भोजनापूर्वी करावी, नंतर केवळ शतपावली.

वनासाठी सावदा-खिरोडामार्गे पाल गाठावे. रावेर तालुक्यातील हे थंड हवेचे ठिकाण यावल अभयारण्याच्या परिसरात आहे. १९६९ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. केळीचे ओलिताचे मळे मागे पडून अंजन, सालई, धावडा, साग यांचे रान सुरू होते, तेव्हा आनूप व जांगल यांतील भेद मुलांनाही पुस्तकावाचून कळतो. वनविभागाची अनुमती घेऊन, आखलेल्या वाटेनेच आणि दिवस मावळण्यापूर्वी परतता येईल अशा बेताने जावे. मोहाची फुले गळू लागली की अस्वले तेथे येतात. त्या दिवसांत पहाटेची फेरी टाळलेली बरी.

फार्मसीचालक बंधूंनी ही वाट एकदा तरी चालावी असे आम्हांस वाटते. अर्जुनाच्या सालीत ऐनाची साल येते ही तक्रार जुनी आहे. ओढ्याकाठी उभा असलेला, गुळगुळीत पांढुरक्या सालीचा अर्जुन आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळपट साल असलेला ऐन एकदा उभे पाहिले, की गोणी उघडताच संशय कोठे घ्यावा हे कळते. पाहावे, हात लावावा, परंतु काही तोडून आणू नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून वनस्पती नेण्यास मनाई आहे.

ग्रीष्मात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा नदीकाठ आणि डोंगर दोन्ही विसरावेत. सूर्योदयापूर्वी घराजवळच्या सावलीत वीस मिनिटे पुरेत. वर्षा ऋतूत चरकाने व्यायाम व नदीजल दोन्ही वर्ज्य केले आहे. आपल्यापुरते त्याला आणखी एक कारण आहे. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, आणि वरच्या खोऱ्यात पाऊस झाला की येथे आकाश निरभ्र असतानाही ते उघडले जातात. त्या चार महिन्यांत धरणाखालील पात्रात कुटुंब नेण्याचा सल्ला कोणासही देऊ नये.

सध्या आम्ही चिठ्ठीवर औषधांच्या खाली चंक्रमणाची स्वतंत्र ओळ लिहितो. उदाहरणार्थ : ‘पौष-माघ, सकाळी ९ नंतर, सपाट वाट, ३० मिनिटे, मध्ये दोनदा बसणे, मोजे व बंद जोडा, सोबत एक जण, परतल्यावर तळवे पाहणे.’ शेवटचे काम आम्ही शक्यतो नातवंडांकडे सोपवितो, ती ते विसरत नाहीत. आणि औषध देताना दुकानदार बंधूंनी ही ओळ रुग्णास मोठ्याने वाचून दाखवावी, अशी आमची त्यांना विनंती असते.