कासवाचे अंगण

कासव मंदगती खरे. परंतु त्यास कुंपणात राखणे सोपे नाही. इंग्रज निसर्गलेखक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७८० साली आपल्या आत्याचे ‘टिमथी’ नावाचे कासव सेलबोर्न येथील बागेत आणले. १७८४ साली ते तेथून निसटले आणि काही दिवसांनी सापडले!

इंग्लंडात भूमध्यसागरी जातीची कासवे आजही हौसेने पाळतात. त्यांच्या कुंपणास बाजूंनी जाळी नको, फळ्या हव्यात. पलीकडचे दिसले की कासव तेथेच डोके खुपसून धडपडत राहते. माती उकरण्याची त्यास खोड. म्हणून फळ्या वीतभर जमिनीत पुराव्यात. सर्वांत धोक्याचा तो कोपरा. दोन्ही फळ्यांना पाय टेकवून कासव वर चढू पाहते व उताणे पडते. भर उन्हात तसेच राहिले तर दगावते. यास्तव कोपऱ्यांवर आडवी फळी ठोकतात. वरून मात्र जाळीचे झाकण हवे, कोल्ह्या-कावळ्यांपासून रक्षणासाठी. काच नको, ज्या किरणांमुळे कवच बळकट होते, ते साध्या काचेतून आत येत नाहीत. थोडे ऊन, थोडी सावली, उथळ पाणी आणि निजण्यास कोरडी पेटी, एवढे पुरे.

वाचकहो, हे ऐकून मुलांनी आपल्याकडील तारांकित कासवाचा हट्ट धरला, तर? नाहीच म्हणावे लागेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते पाळणे गुन्हा आहे. कोणी आधीच घरी आणले असेल, तर शेतात सोडून देऊ नये; वनखात्याच्या स्वाधीन करावे.