नवी पार्टी, जुनी चौकशी

पेढीवर परगावचा नवा व्यापारी माल मागण्यास आला, तर त्याला पहिल्याच दिवशी उधारीवर माल देणारा सेठ विरळाच. त्याच्या गावच्या दलालाला फोन केला जातो, यापूर्वी तो कोणाकडून माल घेत होता आणि तेथील व्यवहार का थांबला याची विचारपूस होते, जीएसटी क्रमांक तपासला जातो आणि एवढे झाल्यावरही पहिली खेप बहुधा रोखीनेच जाते. या चौकशीला कोणी अविश्वास म्हणत नाही. ती व्यापाराची रीत आहे. मात्र त्याच कुटुंबात संध्याकाळी मोबाईल हातात आला की, ज्याचे नाव, गाव, तोंड काहीच ठाऊक नाही अशा विक्रेत्याला दोन मिनिटांत सगळी रक्कम आगाऊ दिली जाते.

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. घाऊक किराण्याचा दोन पिढ्यांचा धंदा. घरातील आजींचे वर्षीतप पूर्ण होत आलेले, अक्षय्य तृतीयेला पारणे, आणि येणाऱ्या साधर्मिकांना प्रभावना म्हणून जर्मन सिल्व्हरच्या दोनशे वाट्या देण्याचे ठरलेले. गावच्या बाजारात तशा वाटीचा भाव ४५० रुपये. सुनेला मोबाईलवरील एका जाहिरातीत तीच वाटी १८० रुपयांना दिसते. संकेतस्थळ देखणे, छायाचित्रे स्वच्छ, खाली समाधानी ग्राहकांचे अभिप्राय, आणि वरच्या कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ : सवलत संपण्यास १४ मिनिटे शिल्लक. “मम्मी, पप्पा दुकानातून येईपर्यंत हा भाव राहायचा नाही,” असे सासूबाईंना सांगून सून यूपीआयने ३६,००० रुपये भरते. हेतू घरचे पैसे वाचवण्याचाच असतो. दिवस उलटतात, पारणे जवळ येते. वाट्या येत नाहीत.

सासरे परत येईपर्यंत ती थांबली असती, तर त्यांनी सर्वप्रथम भावच पाहिला असता. ज्याने आयुष्यभर खरेदी-विक्री केली आहे, त्याला १८० रुपयांत धातू, घडणावळ, पॅकिंग, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा बसत नाही हे कागदावर हिशेब न मांडताही कळते. हंगाम संपताना व्यापारी माल कमी भावात काढतो, पण खरेदीच्या निम्म्यानेही खाली जाऊन अनोळखी माणसाचे भले कोणी करत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खऱ्यासारखे भासवून खोटे विकणे, हा विक्रेत्याचा दोष सर्वांच्या ध्यानात असतो. ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरीने आलेला माल घेणे, हा मात्र घेणाऱ्याचा दोष आहे. अशक्यप्राय स्वस्त माल खरोखर हाती आला, तरी तो कोठून आला हा प्रश्न श्रावकाला सुटत नाही.

त्यानंतर त्यांची नजर पानाच्या अगदी तळाशी गेली असती. तेथे विक्रेत्याचे नाव होते, पुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असे होते, सुरतचा पत्ता होता आणि पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांकही होता. सुनेने तो पाहिला होता आणि क्रमांक आहे म्हणजे दुकान खरे, असे मानले होते. पण हा क्रमांक वाचता येतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात : महाराष्ट्र २७, गुजरात २४, कर्नाटक २९, राजस्थान ०८. पुढील दहा स्थानांवर व्यापाऱ्याचा पॅन क्रमांक असतो. त्या पॅनमधील चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातील सहावे, धारक कोण आहे हे सांगते. ‘पी’ असेल तर व्यक्ती, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. या संकेतस्थळावरील क्रमांक ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या अंकांनी सुरू होत होता आणि सहावे अक्षर ‘पी’ होते. पत्ता सुरतचा आणि नोंदणी दिल्लीची; नाव कंपनीचे आणि पॅन व्यक्तीचा. पेढीवरचा मुनीम ही विसंगती एका दृष्टिक्षेपात पकडतो.

क्रमांक दिसण्यात सुसंगत असला, तरी तेवढ्यावर थांबू नये. जीएसटीच्या शासकीय पोर्टलवर लॉगिन न करताही कोणताही क्रमांक शोधता येतो. तेथे नोंदणीचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, व्यवसायाचे स्वरूप आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सारे दिसते. संकेतस्थळावरील नाव आणि पोर्टलवरील नाव जुळवून पाहणे, हीच खरी तपासणी. कारण लबाड माणूस बनावट क्रमांक रचण्याचा खटाटोप सहसा करत नाही. तो एखाद्या प्रामाणिक व्यापाऱ्याच्या बिलावरून खरा क्रमांक उचलतो. व्यापारी कुटुंबांना येथे दुहेरी धोका आहे. आपल्याच पेढीचे नाव, बोधचिन्ह आणि क्रमांक लावून कोणी दुकान थाटले, तर फसलेले ग्राहक तक्रार घेऊन खऱ्या पेढीच्या दारी येतात. आपल्या फर्मचे नाव अधूनमधून इंटरनेटवर शोधून पाहणे, आणि असे काही आढळल्यास तत्काळ सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन तिची पोच जपून ठेवणे, हा आता दुकानदारीचाच भाग झाला आहे.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. पहिल्या तिरक्या रेषेपर्यंतचाच भाग विचारात घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट को डॉट इन’ यांच्या लगत डावीकडे जो शब्द असतो, तेच दुकानाचे नाव; त्याच्याही डावीकडे कितीही प्रसिद्ध नाव लिहिलेले असले तरी त्याला अर्थ नाही. हे म्हणजे टपरीवर नामांकित कंपनीची पाटी लावण्यासारखे आहे. पत्त्याच्या बाजूच्या कुलपाच्या चिन्हाविषयीही मोठा गैरसमज आहे. ग्राहक आणि संकेतस्थळ यांच्यामधील माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे बसलेला माणूस साव आहे की चोर, याची ग्वाही ते देत नाही. शिवाय ते नाव कधी नोंदवले गेले, ही तारीख ‘हूइज’ या सार्वजनिक नोंदीत विनामूल्य पाहता येते. पंचवीस वर्षांची परंपरा सांगणाऱ्या दुकानाचे नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेले निघाले, तर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही.

कायद्यानेही ग्राहकाच्या हाती काही दिले आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे देणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. संपर्कासाठी केवळ व्हॉट्सॲप क्रमांक देणारे दुकान या पहिल्याच पायरीवर अडखळते. ते उलटे धावणारे घड्याळही नियमात बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत खोटी घाई लावणे ही क्लृप्ती आहे. पान बंद करून पुन्हा उघडावे. घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू झाले, तर ते कशासाठी लावले आहे हे कळतेच.

पैसे देण्याचा प्रकार गौण वाटतो, परंतु बँकेच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. ग्राहकाच्या संमतीविना खात्यातून रक्कम गेली, दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर भुर्दंड त्याच्यावर पडू नये, असे संरक्षण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने दिले. पण स्वतःच्या हाताने पिन टाकून केलेले प्रदान ‘अनधिकृत’ ठरवणे कठीण असते. कार्डाने पैसे दिले असल्यास माल न मिळाल्याची हरकत कार्ड देणाऱ्या बँकेकडे नोंदवण्याची प्रस्थापित पद्धत आहे. यूपीआयने थेट खात्यात गेलेली रक्कम परत आणणे त्या मानाने अवघड. म्हणूनच पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे घेणाऱ्याचे नाव वाचावे. दुकान एका नावाचे आणि खाते भलत्याच व्यक्तीचे असेल, तर बोट तेथेच थांबवावे. माल हाती आल्यावर पैसे देण्याचा पर्याय बरा, पण तोही निर्धोक नाही. बंद खोक्यात चिंध्या निघाल्या तर पैसे घेऊन गेलेला पोऱ्या जबाबदार नसतो. दोनशे वाट्या हव्या असतील तर आधी एक नमुना मागवावा, ही घाऊक बाजारातील साधी सवय येथेही उपयोगी पडते.

त्या घरात खरे नुकसान पुढे झाले. सून पाच दिवस कोणाला काही बोलली नाही. एवढ्या व्यापारी घरात आपण फसलो, पारण्याच्या मंगल प्रसंगी हे कसे सांगावे, या संकोचात तिने एकटीनेच विक्रेत्याचा क्रमांक इंटरनेटवर शोधला. पलीकडच्या आवाजाने दिलगिरी व्यक्त केली आणि परतावा देण्यासाठी एक ॲप मोबाईलवर घेण्यास सांगितले. त्या ॲपने मोबाईलचा पडदा समोरच्याला दिसू लागला. नंतर ‘पैसे स्वीकारण्यासाठी’ पिन टाकण्यास सांगितले गेले आणि खात्यातून आणखी ८५,००० रुपये गेले. यूपीआयमध्ये पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, हे तिला ठाऊक होते. घाबरलेल्या मनाला त्या क्षणी आठवले नाही. सासऱ्यांना कळले तेव्हा त्यांनी रागावण्याऐवजी गावातल्याच भांड्यांच्या दुकानातून वाट्या आणवल्या आणि पारणे निर्विघ्न पार पडले. गेलेल्या रकमेपेक्षा, ती पाच दिवस एकटी राहिली याचेच त्यांना अधिक वाईट वाटले.

ते पाच दिवस बँकेच्या भाषेतही महागच. फसवणुकीची रक्कम एका खात्यात थांबत नाही. ती तासाभरात अनेक खात्यांतून फिरते. (ही मधली खाती बहुधा कमिशनच्या मोहाने भाड्याने दिलेली असतात. व्यापाऱ्यांच्या चालू खात्यांनाही अशी मागणी येते, तेव्हा घरातील तरुणांना याची कल्पना असलेली बरी.) तक्रार लवकर झाली, तर साखळीतील ज्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तेथे ती रोखून धरता येते. त्यासाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ हे शासकीय पोर्टल आहे. फोन करताना आपले बँक खाते, रक्कम, व्यवहाराची तारीख व वेळ, आणि यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक हाताशी असावा. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे. विक्रेत्याशी झालेले संभाषण रागाने पुसून टाकू नये; संकेतस्थळाच्या पानांची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवावीत, कारण अशी दुकाने एका रात्रीत अदृश्य होतात. विक्रेता खरा आहे, पण माल सदोष आला किंवा परतावा अडवून ठेवला आहे, अशी तक्रार असेल, तर ती १९३० वर नव्हे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवावी.