शेकाट्यांची गर्दी काय सांगते?

पक्षी दिसले म्हणजे निसर्ग सुखरूप आहे, असा एक सोयीचा समज शहरवासीयांत रूढ आहे. फेब्रुवारीतील एखाद्या सकाळी पुण्यात दुर्बीण घेऊन निघणाऱ्याचा हा समज दुपारपर्यंत टिकत नाही.

सुरुवात एम्प्रेस गार्डनपासून करावी. उन्हे वर येण्याआधीच तांबटाची एकसुरी टुकटुक सुरू झालेली असते. वडा-उंबराची फळे टिपण्यासाठी राखी धनेशाची जोडी येते. तांबट वाळक्या फांदीत स्वतःची ढोली कोरतो. धनेशाला मात्र ती विद्या नाही. त्याला जुन्या वृक्षाची तयार ढोलीच लागते. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि फटीतून नराने भरवलेल्या घासावर राहते. वठलेला वृक्ष निरुपयोगी म्हणून तोडला जातो, तेव्हा एका कुटुंबाचे घरच जाते.

तेथून सोलापूर रस्त्याने कवडीच्या बंधाऱ्यावर जावे. तेथे मुळा-मुठा शहराचे सांडपाणी वाहून आणते. पाण्यावर फेस असतो, वास असतो आणि पक्षीही शेकड्यांनी असतात! लडाख-तिबेटकडून आलेले चक्रवाक, चपट्या चोचीचे थापट्या आणि लांब गुलाबी पायांचे शेकाटे. नवख्याचे मन हरखून जाते.

परंतु शेकाट्याची गर्दी ही नेहमीच शुभवार्ता नव्हे. मैल्याने समृद्ध झालेल्या चिखलात किडे व अळ्या विपुल पोसल्या जातात. उथळ पाण्यात चालत त्या टिपणाऱ्या शेकाट्याला ही मेजवानीच असते. छोटा खंड्या आणि नदीसुरय यांचे तसे नाही. ते नजरेने मासा हेरून सूर मारतात. त्यांना पाणी नितळ हवे आणि त्यात मासाही जिवंत हवा. म्हणून किती पक्षी दिसले, यापेक्षा कोणते दिसले आणि कोणते दिसेनासे झाले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

यावर केवळ सुशोभीकरण हा उपाय नाही. काठ दगडी भिंतींनी बांधून काढला की, घाण पाणी घाणच राहते; मात्र पाणपक्ष्यांना पाय टेकवणारी उथळ, चिखलाची पट्टी नाहीशी होते. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे आणि नैसर्गिक काठ राखणे, ही कामे कारंजांइतकी देखणी नाहीत. पण खरी निकड त्यांचीच आहे.

मुंबईत 1896 साली जन्मलेल्या डॉ. सालिम अली यांनी पक्ष्यांच्या बारीक नोंदी आयुष्यभर ठेवल्या. शिक्षकाने वर्गातील चार विद्यार्थ्यांसह दरमहा एक सकाळ एकाच पाणवठ्यावर घालवून पक्ष्यांची नावे आणि संख्या वहीत उतरवली, तर दहा वर्षांनी ती वही त्या पाण्याचा विश्वसनीय इतिहास ठरेल. तिच्यातील रिकाम्या जागाही तेव्हा बोलू लागतील.